खडकातला नीलम

“मॅडम, हा खडा चिकटवलेला आहे का?” स्कॅनवाल्याने हे इतक्या सहज विचारलं की क्षणभर तिला वाटलं, तो तिच्या अंगठीबद्दल बोलतोय. तिच्या अंगठीत खडा नव्हता. पडद्यावर दगडाचे काप एकामागून एक सरकत होते, आणि स्कॅनवाला एका हाताने माउस फिरवत दुसऱ्या हाताने मान खाजवत होता. बेसाल्ट करडा दिसत होता. त्याच्या मधोमध नीलम. यंत्राला रंग कळत नाहीत, म्हणून तोही करडाच, नुसता थोडा उजळ. त्या दोघांच्या मध्ये एक बारीक काळसर पट्टी होती आणि पट्टीत बुडबुडे. गोल, एकसारखे, ओवल्यासारखे. “लाव्ह्यात वायू असतो,” ती म्हणाली. “थंड होताना त्याचे बुडबुडे राहतात.” “असेल, असेल,” तो म्हणाला आणि त्याने पुढचा काप आणला. त्याला त्याचं काही पडलेलं नव्हतं. मोठी प्रतिकृती बनवताना ती पट्टी ठेवायची की पुसायची, एवढंच त्याला हवं होतं. “पुसू नका,” ती म्हणाली. आणि मग, आपलाच आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटत असताना, “अजून काहीच करू नका. मी सांगते.”

दगड तिने स्वतः गुंडाळला. आधी मऊ कागद, मग फडकं, मग डबा. बोटं नेहमीसारखीच चालत होती, त्याचं तिला आश्चर्य वाटलं. टॅक्सीत बसल्यावर डबा मांडीवर घेतला. लाव्ह्यातले बुडबुडे कसे असतात ते तिला पुरतं ठाऊक होतं. ते लांबट असतात, वाकडेतिकडे, लाव्हा वाहिला त्या दिशेने ओढले गेलेले, आणि खडकभर पसरलेले असतात. स्फटिकाच्या कडेकडेने शिस्तीत उभे राहत नाहीत. असे बुडबुडे तिने स्वयंपाकघरात पाहिले होते. दोन नळ्यांमधला पांढरा आणि पिवळा डिंक काडीने कालवला की त्यात अशीच हवा अडकते. फुटलेल्या कपाचा कान त्याने बसतो. ड्रायव्हर गाणं लावू का म्हणून विचारत होता. ती नको म्हणाली, आणि त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं. तिने नको जरा जोरात म्हटलं असावं.

तो बाबांचा दगड होता. ती काम करायची त्या संग्रहालयात सगळे त्याला असंच काहीसं म्हणत, अगदी शिपाईसुद्धा: बाबांचा नव्हे, सरांचा दगड. ज्वालामुखीच्या प्रदेशात नीलम सापडतात ते बहुतेक सुटे. खडक झिजून माती झाली, माती ओढ्याने वाहून नेली, आणि जड म्हणून नीलम तळाच्या वाळूत मागे राहिले. खडकात बसलेला नीलम फारसा कुणी पाहिलेला नसतो. म्हणून भांडण होतं. हे नीलम त्या लाव्ह्यातच जन्मले, की लाव्ह्याने दुसरीकडून कुठून तरी उचलून फक्त वर आणून टाकले? बाबांचं म्हणणं, लाव्ह्यातच जन्मले. बाकीचे भूशास्त्रज्ञ म्हणत, लाव्हा हमाल आहे, आई नव्हे. बाहेरचा स्फटिक तापलेल्या लाव्ह्यात पडला की त्याच्या कडा विरघळतात, अंगावर खड्डे पडतात, आणि भोवती स्पिनेल नावाच्या खनिजाची काळी कड धरते. बाबांच्या दगडातल्या नीलमाला काळी कड नव्हती. दर्शनी भाग सपाट, कडा सुरीसारख्या. ज्या रसात जन्मला त्याच रसाने त्याला का खावं, असं बाबा विचारत, आणि या प्रश्नावर सभा गप्प होई. त्या एका दगडावर बाबांचं पुस्तक उभं होतं, पुस्तकावर नाव, आणि नावावर आता संग्रहालयाचं नवं दालन उभं राहत होतं. पुढच्या आठवड्यात दारावर अक्षरं बसायची होती. मुलांना हात लावून बघता यावा म्हणून त्या दगडाची टेबलाएवढी प्रतिकृती करायची कल्पना तिचीच होती. तेवढ्यासाठी तिने तो काचेच्या पेटीतून बाहेर काढला होता. बाबांनी आजवर कुणाला काढू दिला नव्हता. मुलीला नाही म्हणायचं कसं, एवढ्यासाठी या वेळी ते गप्प बसले असतील, किंवा आता वय झालं म्हणून. की त्यांना कुणीतरी एकदाचा तो काढायला हवाच होता? हा विचार डोक्यात आला आणि तिने तो झुरळ झटकावं तसा झटकला.

लहानपणी ती या दगडाला घाबरायची. निळ्यापेक्षा तो काळाच दिसे, आणि काचेत आपला चेहरा त्याच्यावर पडला की तो डोळ्यासारखा वाटे. रविवारी बाबा तिला संग्रहालयात नेत. आई सोबत यायची, पण आत नाही. बाहेरच्या पायऱ्यांवर पिशवी मांडीवर घेऊन बसायची. “तुम्ही या जाऊन, माझे पाय दुखतात,” म्हणायची. तिचे पाय कुठे दुखत नसत. परतताना तीच सगळ्यांच्या पुढे चालायची. एकदा बाबांनी आग्रह केला होता, अगदी दंडाला धरून, “एकदा तरी ये की,” आणि आईने हात सोडवून घेतला होता. जोरात नाही, केसात अडकलेला काटा काढावा तसा. मुलीला वाटलं होतं, आईला दगडांचा कंटाळा आलाय. त्यात नवल नव्हतं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं ती बाबांबरोबर रानोमाळ हिंडली होती. तंबूत स्वयंपाक केला होता, ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून चाळणीने वाळू चाळली होती. सुटे नीलम निवडण्यात आईचा हात बाबांपेक्षा चलाख होता, असं बाबाच पाहुण्यांना सांगत. आई तेवढ्यात उठून पाणी आणायला जाई. आता टॅक्सीत बसून हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून त्या कापांसारखंच सरकत होतं, आणि प्रत्येक कापात मध्ये ती बारीक पट्टी होती.

संग्रहालयात पोचल्यावर ती थेट तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेली आणि आतून कडी लावली. असं कडी लावून काम करायचं नसतं. अशा वस्तूला हात लावताना दुसरं माणूस हजर हवं, आणि ते माणूस वस्तूच्या मालकाची मुलगी नको. हे नियम तिनेच लिहिले होते. तिने कापसाची बारीक वात द्रावकात बुडवली आणि स्फटिकाच्या कडेने फिरवायला सुरुवात केली. वास नाकात चढला. मनातल्या मनात ती चक्क विनवण्या करत होती, निघू नकोस, तू निघू नकोस. ती पट्टी दगडच असली तर द्रावकाने तिला काय होणार? काही होणार नाही. मग ती वरच्या मजल्यावर जाईल, हसत सांगेल, अहो, त्या स्कॅनवाल्याने माझा जीव टांगणीला लावला. वात काळी झाली. दुसरी घेतली. दाराबाहेरून कुणीतरी किल्ल्या वाजवत गेलं, आणि ती चोरासारखी थांबली, हात हवेत. मग पुन्हा. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पण मान भरून आली तेव्हा तिने अंगठ्याने स्फटिक जरा रेटून पाहिला. तो हलला. दुधाचा दात हलावा तसा, आत काहीतरी मऊ असल्यासारखा. आणि मग विनासायास तिच्या हातात आला.

खडकातला खळगा रिकामा राहिला, त्यात डिंकाचा पिवळट पापुद्रा. तो वायूचा जुना पोकळ बुडबुडा होता, दुसरं काही नाही. नीलम तिने दिव्याखाली धरला. जी बाजू इतकी वर्षं लोकांनी पाहिली ती सपाट होती, कारण ती तुटलेली होती. लाव्हा थंड झाल्यानंतर कधीतरी स्फटिक दुभंगला होता आणि ती त्या तुटीची कोरी बाजू होती. आतली बाजू कुणी पाहिलीच नव्हती. ती तिने भिंगाखाली घेतली. सगळी बाजू खाल्लेली होती. खळगे, त्यांच्यात आणखी खळगे, त्रिकोणी, काचेसारखे गुळगुळीत, चोखून टाकलेल्या खडीसाखरेसारखे. आणि एका कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत, काळी खरबरीत कड अजून शाबूत होती. लाव्ह्याने त्याला वर आणला होता आणि आणता आणता खाल्ला होता. बाबांच्या आयुष्यभराच्या म्हणण्याच्या नेमकं उलट जे, त्याचा याहून चांगला पुरावा तिने दुसरा पाहिला नव्हता. तो बाबांच्याच दगडात, आत तोंड करून बसला होता. तिला हसू आलं. तिने नीलम मुठीत घट्ट धरला. त्याच्या कडा तळव्यात रुतत होत्या, ते बरं वाटत होतं.

बाबांकडे ती दुपारी पोचली. स्वयंपाकाच्या मावशी जायला निघाल्या होत्या. “बोलताहेत केव्हाचे भिंतीशी,” त्या चपला घालत हसून म्हणाल्या. “भाषण पाठ चाललंय.” बाबा आरशासमोर उभे होते, काठी खुर्चीला टेकवलेली. तिला पाहून म्हणाले, “ढब्बू, बरी आलीस. हे ऐक. सुरुवातीला आभार मानू की शेवटी?” ढब्बू हे नाव तिच्या लहानपणच्या गालांवरून पडलं होतं, आता केस पांढरे झाले तरी गाल तेच, असं ते म्हणत. ती खुर्चीत बसली, आणि मूठ त्यांच्यासमोर उघडली.

त्यांनी पाहिलं. मग काठी घेतली, खुर्ची ओढली, समोर बसले. त्यांनी तो हातात घेतला नाही.

“काढलास,” ते म्हणाले.

“निघाला.”

“हं.”

“बाबा, तुम्हाला माहीत होतं.” हा प्रश्न तिने वाटभर शंभर तऱ्हांनी घोळवला होता, आणि निघाला तो प्रश्न राहिलाच नव्हता.

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं, धप्प, धप्प. “तुझ्या आईने चिकटवला,” ते म्हणाले.

तिच्या डोक्यात काहीतरी तडकलं. तिला सगळं अपेक्षित होतं. ते चिडतील, नाकारतील, कदाचित रडतील; हे नव्हतं अपेक्षित. आई जाऊन इतकी वर्षं झाली. आईचा फोटोसुद्धा या खोलीत नव्हता, तो आतल्या खोलीत होता, कपाटावर, कारण बाबा म्हणत की समोर असला की कामात लक्ष लागत नाही. मेलेल्या माणसावर ढकलायला काय लागतं? ते काही उठून येत नाही. “बाबा,” ती म्हणाली, आणि आपला आवाज किती थंड झालाय हे तिला ऐकू आलं, “आईच्या नावावर ढकलू नका.”

“ढकलत नाही. तू विचारलंस.”

“मी आईबद्दल विचारलं नव्हतं.”

“तिच्याशिवाय सांगता येत नाही ते.” ते अंगठ्याने काठीची मूठ घासत राहिले, ती आधीच गुळगुळीत झालेली होती. “तू झाली नव्हतीस तेव्हा. माझा पहिला लेख परत आला होता. नुसता परत नाही, चेष्टा करून. खडकातला एक दाखवा, मग बोला, म्हणाले. एक हंगाम शोधला, दुसरा शोधला. माती चाळून चाळून तिची नखं गेली. मी बोलायचं सोडलं होतं. जेवायचो नाही धड. तंबूत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. तिने एका दुपारी एका दगडातलं भोक पाहिलं आणि सुट्या खड्यांतला एक त्यात बसतो का पाहिला. बसला. मग चिकटवला, वरून दगडाचा भुगा चोळला आणि माझ्या ढिगाऱ्यात नेऊन ठेवला. मला हसवायला. मी उचलेन, वेडा होईन, मग ती टाळी वाजवून सांगणार होती. गंमत होती.”

“मग सांगितलं का नाही तिने?”

“मी रडलो.” त्यांनी हे इतक्या खाली आवाजात म्हटलं की तिला वाकावं लागलं. “हातात घेतला आणि गुडघ्यावर बसून रडलो. तिला घट्ट धरून, लहान पोरासारखा. नाक गळेपर्यंत. तिला बोलायला जागाच राहिली नाही. नंतर ती म्हणाली, त्या दिवशी नाही जमलं, मग दुसऱ्या दिवशी तुम्ही शीळ घालत उठलात, मग जमलं नाही.”

 या माणसाने आपण रडल्याची गोष्ट आयुष्यात कधी सांगितली नव्हती. आई गेली तेव्हासुद्धा ते आल्यागेल्याला पाणी विचारत फिरत होते, आणि लोक म्हणाले होते, काय धीराचा माणूस. खोटं सांगायचं असतं तर त्यांनी त्यात आपलं नाक गळू दिलं नसतं. तिचा विश्वास बसला, आणि तो बसताना दुखला, कारण आता आईच्या त्या पायऱ्या, ती मांडीवरची पिशवी, तो सोडवून घेतलेला हात, सगळं एका बाजूने उजेड पडावा तसं दिसायला लागलं.

“तुम्हाला कधी कळलं?”

“दगड संग्रहालयात ठेवायचा ठरला तेव्हा. आदल्या दिवशी तिने सांगितलं. पुस्तक आलेलं होतं. नोकरी त्याच्यावर मिळालेली. तू रांगत होतीस.” ते काठीच्या मुठीकडे बघत होते. “ती म्हणाली, मी येते तुमच्याबरोबर, मी सांगते सगळ्यांना, बायकोने खुळेपणा केला म्हणून हसतील आणि सोडून देतील. तयार होऊन बसली होती. चांगली साडी नेसून.”

“आणि?”

“मी म्हटलं, आता नको.”

गालिचा झटकायचं थांबलं होतं.  तिला वाटलं, उठावं, निघून जावं, खाली जाऊन कुठल्याही बसमध्ये बसावं. राग कुणाचा येतोय ते कळत नव्हतं. आईचा का येत होता? आईने एकदा तरी, आपल्याला तरी, स्वयंपाकघरात कप चिकटवताना, पाठमोरी राहून का होईना, सांगायला हवं होतं. पण आईने काय सांगायचं? तुझ्या बाबांचं नाव माझ्या हातच्या डिंकावर उभं आहे, म्हणून? आणि मग त्या मुलीने रोज शाळेच्या पुस्तकात त्या दगडाचं चित्र बघायचं?

“आता काय करणार आहेस?” बाबांनी विचारलं.

“मला सांगावं लागेल. स्कॅनवाल्याकडे सगळा स्कॅन आहे. आणि नसता तरी.” नसता तरी काय, ते तिलाही पुरतं ठाऊक नव्हतं. “पण आईचं नाव... लोक काय म्हणतील, बाबा. म्हणतील, बायकोने फसवलं. सर बिचारे.” हेच तिला सगळ्यात सहन होणार नव्हतं, ते आता बोलताना समजलं. सर बिचारे. ती हे शब्द जिन्यात, कॅन्टीनमध्ये, माना हलवणाऱ्या तोंडांतून ऐकू शकत होती.

बाबांनी पहिल्यांदाच हात पुढे केला आणि तिच्या तळव्यावरून नीलम उचलला. त्यांची नजर आता बारीक बघू शकत नव्हती. त्यांनी तो अंगठ्याने चाचपला, सपाट बाजू, कडा, मग उलटा करून ती खाल्लेली बाजू. अंगठा खळग्यांतून हळूहळू फिरत राहिला. कोपऱ्यातल्या खरबरीत जागेवर थांबला. पुन्हा मागे गेला, पुन्हा थांबला. त्यांचा चेहरा तिला वाचता येईना.

“तिचं काम एका दुपारचं होतं,” ते म्हणाले. “बाकी सगळं मी केलं. माझं नाव सांग. नाहीतर राहू दे, मीच येतो. सकाळी मला न्यायला ये.”

त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं एवढंच की तिला झोप लागली, आणि उठल्यावर ते तिलाच खरं वाटेना. सकाळी बाबा दाढी करून, कोट घालून जिन्याशी उभे होते. टॅक्सीत ते एक अक्षर बोलले नाहीत. ती मात्र आतल्या आत बोलत होती, सारखी: ते ऐनवेळी फिरतील. संग्रहालयाच्या संचालकबाई चहा मागवतील, सर बसा म्हणतील, दालनाच्या दारावरच्या अक्षरांचा नमुना दाखवतील, आणि बाबा हसून म्हणतील, जरा मोठी करा अक्षरं. त्यांना हे जमतं. पन्नास लोकांसमोर विषय बदलताना तिने त्यांना पाहिलेलं होतं. मग ती काय करणार? स्वतःच्या बापाला खोटं पाडणार, त्यांच्या तोंडावर? तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं. काठीवरची बोटं पांढरी पडली होती. घाबरलेत, तिच्या मनात आलं. आणि या माणसाला घाबरलेला बघायची आपल्याला सवय नाही, म्हणून आपण त्यांच्या खोटेपणाची भीती घेऊन बसलोय, ती जास्त ओळखीची आहे.

संचालकबाईंनी खरंच चहा मागवला. त्या मोकळ्या स्वभावाच्या, भरभर बोलणाऱ्या बाई होत्या; टेबलावर अक्षरांचा नमुना खरोखरच पडला होता, पितळी. बाबांनी तो बाजूला सरकवला आणि त्या जागी नीलम ठेवला. “हा खडकातला नाही,” ते म्हणाले. “आमच्या घरी चिकटवला गेला. मला हे फार वर्षं माहीत आहे, आणि मी लपवून ठेवलं. माझ्या मुलीला काल कळलं. दालनाला माझं नाव देऊ नका.” एवढंच. आवाज स्थिर होता, फक्त शेवटच्या वाक्याला किंचित घासला. कुणी चिकटवला, ते त्यांनी सांगितलं नाही. तिने मान खाली घातली आणि टेबलाची कड मोजल्यासारखी बघत राहिली.

 चहा आला, ठेवला गेला. संचालकबाईंनी पितळी अक्षरं उचलून खणात टाकली, आणि खण बंद झाल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. “हे बाहेर जाईल, सर,” त्या शेवटी म्हणाल्या. “सगळीकडे लिहून येईल. तुम्हाला कल्पना आहे ना?” बाबांनी मान हलवली. “पुस्तकाबद्दलही विचारतील.” पुन्हा मान हलवली. त्या तिच्याकडे वळल्या, “आणि तुम्हालाही,” आणि ती म्हणाली, “हो.” मग बाई खुर्चीत मागे टेकल्या. त्या दगडांतल्या नव्हत्या, हिशेब आणि माणसं सांभाळण्यातल्या होत्या, आणि थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी नीलम दोन बोटांत धरून उजेडात फिरवला. “मग हा आहे तरी काय?” त्यांनी विचारलं. “काच?”

“काच?” बाबा म्हणाले. जरा ताठ झाले. “छे. अस्सल आहे. फक्त लाव्ह्यातला नाही. उलटा करा. खळगे लागले बोटाला? ते लाव्ह्याने खाल्लेलं.” ते पुढे सरकले, काठी खुर्चीवरून घसरून खाली पडली, तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. “हा फार खाली झाला. पृथ्वीच्या कवचाच्या तळाशी. तिथे एक रस असतो, सिलिका, म्हणजे वाळूत असते ती, कमी आणि ॲल्युमिनियम भरपूर असा. सिलिका हवी तेवढी असती, तर ॲल्युमिनियम तिच्याबरोबर गेलं असतं, साधा पांढरा फेल्डस्पार झाला असता, रस्त्यावरच्या खडीत असतो तो. पण सिलिका पुरली नाही. उरलेल्या ॲल्युमिनियमला जोडीदार मिळाला तो ऑक्सिजन. बस. त्यात चिमूटभर लोखंड, चिमूटभर टायटॅनियम शिरलं, म्हणून निळा. आणि लोखंड जास्त, म्हणून हा असा काळपट निळा. सावकाश वाढला. तिथे घाई नसते कुणाला. थरावर थर चढत जातात, षटकोनी, भिंगातून बघा, आत रेघा दिसतील.”

ती त्यांच्याकडे बघत होती. हे म्हणणं बाबांचं नव्हतं. हे समोरच्यांचं होतं, ज्यांना त्यांनी आयुष्यभर सभांमधून गप्प केलं त्यांचं. पण ते लोकसुद्धा असं सांगत नसत. त्यांच्या लेखांत एवढं सलग काही नव्हतं. सिलिका पुरत नाही हा मुद्दा अशा रीतीने जोडलेला तिने कुठेच वाचला नव्हता. हे काल रात्रीत सुचलेलं नव्हतं. दुपारी बाल्कनीत डोळे मिटून ते तासन्‌तास बसत, आणि घरातले सगळे चालताना पावलं दबकी टाकत, बाबा झोपलेत म्हणून. तेव्हा ते इथे होते, कवचाच्या तळाशी. एकीकडे चुकीचं ते शिकवत होते, छापत होते, आणि दुसरीकडे बरोबर काय ते एकटेच, कुणाला सांगता येणार नाही हे पक्कं ठाऊक असताना, तडीस नेत होते. आईला सांगितलं असेल का? एखाद्या दुपारी, तिच्याकडे न बघता? ते तिला आता कधीच कळणार नव्हतं.  तिने वाकून काठी उचलली आणि त्यांच्या खुर्चीला टेकवून ठेवली.

“मग त्याच्याही खालून बेसाल्ट निघतो,” बाबा सांगत होते. दोन्ही हात टेबलावर आले होते आणि बोटं खालून वर येत होती. “तापलेला. नीलमाशी त्याचं काही नातं नाही. तो आपल्या वाटेने निघालेला. जाता जाता भिंती फोडतो, तुकडे उचलतो, त्यात हा सापडतो. आणि सापडल्या क्षणापासून विरघळायला लागतो, कारण त्या रसाला हा चालत नाही. आता सगळं वेळेवर अवलंबून आहे. बेसाल्ट वाटेत कुठे रेंगाळला, कुठल्या पोकळीत साचून राहिला, की हा संपला, पत्ता लागायचा नाही. धावत आला तरच...”

“म्हणजे वर आल्यावर हा खडकात असा बसतो,” संचालकबाई म्हणाल्या. त्यांचा चहा तसाच होता, आणि त्यांना बहुधा दुसरीकडे कुठे तरी जायचं होतं, पण त्या उठल्या नव्हत्या. “आणि मग माती होऊन—”

बाबांनी हात वर केला. कितीतरी वर्षांत तिने त्यांचे डोळे असे पाहिले नव्हते.

“थांबा,” ते म्हणाले. “अजून तो वर यायचाय.”